आधी सी की थेट रस्ट?

दिवसभर अंधेरीच्या ऑफिसात जावास्क्रिप्ट लिहायची आणि डोंबिवलीला पोहोचल्यावर रात्री मेमरी समजून घ्यायची, असं ठरवलेल्यांना सी आणि रस्ट या प्रोग्रामिंग भाषांपैकी आधी कोणती शिकायची, हा प्रश्न पडतोच. माझं मत स्पष्ट आहे: आधी सी.

डेनिस रिची यांनी १९७२ च्या सुमारास बेल लॅब्जमध्ये घडवलेली ही भाषा लहान आहे आणि मेमरी तुमच्यापासून लपवत नाही. मॅलॉकने (मेमरी मागणारं फंक्शन) १०० बाइट मागा, फ्री करा म्हणजे जागा परत द्या, आणि तोच पॉइंटर (त्या जागेचा पत्ता) वापरून पुन्हा वाचून बघा. कधी जुनंच मूल्य दिसतं, कधी कचरा. कंपायलर बहुतेक वेळा चकार शब्द काढत नाही. आता तीच फाइल डीबग माहिती आणि अ‍ॅड्रेस सॅनिटायझर (प्रोग्रॅम चालताना मेमरीच्या चुका पकडणारं साधन) लावून चालवा. जागा कुठे घेतली, कुठे सोडली, नंतर कुठे हात लावला, सगळं ओळ क्रमांकासकट समोर येतं. शेजारी विचारायला कोणी नसतं तेव्हा या अहवालाचा फार आधार वाटतो.

रस्टची १.० आवृत्ती मे २०१५ मध्ये आली. तिथे प्रत्येक मूल्याला एकच मालक. त्याची व्याप्ती संपली की मेमरी सुटते, गार्बेज कलेक्टर (नको असलेली मेमरी आपोआप शोधून सोडणारी यंत्रणा) लागत नाही. सोडलेली मेमरी वाचण्याची वरची चूक अनसेफ (काही तपासण्यांतून सूट देणारा शब्द) न वापरता केली तर कोड कंपाइलच होत नाही. कामासाठी हे उत्तमच. लिनक्स कर्नलनेही (लिनक्सचा गाभा) ६.१ आवृत्तीपासून रस्टला जागा दिली. पण बॉरो चेकर (हे मालकीचे नियम तपासणारा कंपायलरचा भाग) कशापासून वाचवतोय हे नवख्याला उमगत नाही, तो नुसता एरर घालवत बसतो.

नोकरीत रस्टच लागणार असेल तर थेट तीच घ्या. नाहीतर सीमध्ये लिंक्ड लिस्ट (पॉइंटरने जोडलेली यादी) आणि छोटा अ‍ॅलोकेटर (मेमरी वाटून देणारा कोड) स्वतः लिहा, मग रस्टकडे वळा.