मालदीवला भारताचं कर्ज: व्यवहार कसा आहे?

जुलै 2025 मध्ये भारतानं मालदीवला 4,850 कोटींचं कर्ज जाहीर केलं, तेही रुपयांत. यातलं सगळ्यात चांगलं कलम हेच. मालदीवची कमाई पर्यटनाच्या डॉलरची; रुपया घसरला की हप्त्याला डॉलर कमी लागतात.

रोकड मात्र हातात पडत नाही. सोसायटीच्या पीककर्जातलं खत जसं थेट उचलावं लागे, तसंच हे. ठेकेदाराचं बिल एक्झिम बँक (परदेशांना अशी कर्जं देणारी भारताची सरकारी बँक) परस्पर चुकतं करते, मालही बहुतांश भारतातलाच घ्यावा लागतो. मालदीवच्या उत्तरेकडच्या हनिमाधू बेटावरचा विमानतळ आधीच्या भारतीय कर्जातून असाच झाला.

जुन्या कर्जांचा वार्षिक हप्ता 5.1 कोटी डॉलरवरून 2.9 कोटींवर आणला. दिलासा खरा आहे. पण कापूस बुडाल्यावर कर्जाचं पुनर्गठन केलेल्या यवतमाळच्या शेतकऱ्याला विचारा: हप्ता घटला तरी मुद्दल तेवढीच राहते.