क्लिफ ड्रॉपसाठी १२० फ्लेक्सचे स्की बूट: पूर्ण हंगाम वापरल्यावर

क्लिफ ड्रॉप म्हणजे स्कीवर असताना कड्यावरून मारलेली उडी. त्यासाठी हे बूट डिसेंबरात घेतले, मे महिन्यात लिहितोय. वापर बहुतेक स्नोबर्ड आणि आल्टा या स्की रिसॉर्टांना, म्हणजे अमेरिकेतल्या सॉल्ट लेक सिटीजवळच्या लिटल कॉटनवुड कॅन्यनमध्ये. मॉडेलं दरवर्षी बदलतात, म्हणून आकडेच सांगतो: फ्लेक्स (बूट पुढे वाकायला किती कडक, त्याचा आकडा) १२०, रुंदी ९८ मिमी, फॉरवर्ड लीन (बुटाचा पुढे झुकाव) १३ किंवा १५ अंश, वेल्क्रोऐवजी वर इलॅस्टिक पट्टा. फ्लेक्सच्या आकड्याला सगळ्या कंपन्यांचं मिळून एक माप नसतं, तेव्हा दुकानात पाय घालून, नीट वाकून बघितल्याशिवाय घेऊ नका.

जुने बूट छोट्या उड्यांना पुरायचे. उंची वाढली की लँडिंगला घोटा पार शेवटपर्यंत वाकायचा, बूट उसळी मारायचा आणि वजन थेट स्कीच्या शेपटांवर. पाच मीटरच्या ड्रॉपला माणूस साधारण एक सेकंद हवेत असतो आणि खाली येण्याचा वेग ताशी ३५ किमीपर्यंत जातो. लँडिंगचा उतार ४० अंशांचा असेल तर हाच धक्का सपाटीवर तीनेक मीटरवरून पडल्याइतका बसतो. म्हणून मी कड्याच्या उंचीआधी खालचा उतार बघतो.

नव्या बुटांत नडगी पुढच्या जिभेला टेकलेली राहते आणि आधार हळूहळू वाढत जातो. लँडिंग सुधारलं ते यामुळे, असं पहिले काही आठवडे वाटत होतं. आता वाटतं की बुटाचं खरं काम टेकऑफला होतं. काठ सोडताना अंगाला जी फिरकी मिळाली, ती हवेत कमी-जास्त करता येत नाही. फक्त हातपाय आवळून-पसरून तिचा वेग बदलता येतो. सह्याद्रीत वाढलेल्या माणसाला कडा दिसला की मागे रेलायचं एवढंच ठाऊक. तसं रेलून उडी मारली की मागच्या बाजूची फिरकी घेऊनच आपण निघतो. नडगीवरचा दाब काठापर्यंत जाणवत राहिला तर पॉप, म्हणजे काठावरून वर उसळायचा झटका, पायाच्या मधोमध घेता येतो. जुन्या मऊ बुटांत तो दाब कळायचाच नाही.

‘हवेत गुडघे छातीशी घ्या’ हा सल्ला सगळेच देतात. टेकऑफ सरळ असेल तर तो बरोबर आहे. मागे रेलून निघालेल्याने गुडघे आवळले तर फिरकीचा वेग उलट वाढतो! अशा वेळी हात मागच्या दिशेने गोल फिरवले की धड थोडं पुढे येतं. दिसायला हास्यास्पद, पण वेळ निभावते. टेकण्याआधी पाय थोडे लांब करायचे, म्हणजे दबायला जागा उरते. हे सगळं बर्फावर शिकण्यापेक्षा ट्रॅम्पोलिनवर शिकलेलं बरं. पार्क सिटीत तशी सोय आहे, आणि उन्हाळ्यात ऑलिंपिक पार्कमध्ये पाण्यात उतरणारे रॅम्पही असतात.

फॉरवर्ड लीन १५ वर ठेवला की मांड्या दुपारपर्यंत पेटायच्या आणि दमल्यावर कंबर आपोआप मागे जायची. १३ वर आणल्यावर उभं राहणं सोपं झालं. मात्र बाइंडिंगमध्ये (बूट स्कीला पकडून ठेवणाऱ्या खाचेत) टाच पंजापेक्षा किती उंच बसते तेही यात धरा. तोच बूट दुसऱ्या बाइंडिंगवर वेगळा वाटतो.

तक्रारी आहेत. कडाक्याच्या थंडीत प्लॅस्टिक इतकं घट्ट होतं की सकाळच्या पहिल्या रनला हा १२० वाटतच नाही; एप्रिलच्या उन्हात उलटा प्रकार. दुसरी गोष्ट गंभीर आहे. असा बूट मागूनही कडक असतो. शेपटांवर आदळलात तर बुटाची मागची कड नडगीला पुढे ढकलते आणि गुडघ्यातलं एसीएल हे लिगामेंट तुटू शकतं. नेहमीच्या बाइंडिंगची टाच पुढे झुकल्यावर सुटते, मागे पडल्यावर नाही. त्यामुळे मागे बसायची सवय मोडली नसेल तर कडक बूट घेऊन मोठ्या कड्यावर जाऊ नका. आधी दीड-दोन मीटरवर, मऊ बर्फात, खाली मोकळा उतार बघून.

वजन कमी असेल, साठ किलोच्या आत, तर १०० किंवा ११० घालून बघा. न वाकणारा बूटही माणसाला मागेच बसवतो.

लायनर (आतला मऊ बूट) आता दबलाय, टाच किंचित उचलली जाते. शेल (बाहेरचं कडक प्लॅस्टिक) आणि बकल ठणठणीत आहेत. नोव्हेंबरात फक्त नवा लायनर घालीन.