जवळचे जुने, कडेचे नवे की लांबचे स्वतंत्र गाव: मुलांसह राहण्यासाठी उपनगर निवडताना

काही लाख लोकवस्तीच्या मध्यम शहराजवळ कुटुंबासाठी घर शोधणाऱ्यांपुढे बहुतेक वेळा तीन प्रकारचे पर्याय येतात. पहिला, जुन्या शहराला लागून, तीन-चार किलोमीटरच्या आत, तीस-चाळीस वर्षांपूर्वी किंवा त्याही आधी वसलेले उपनगर. दुसरा, आठ-दहा किलोमीटरवर, शहराच्या कडेला मोकळ्या जमिनीवर नव्याने उभे राहत असलेले उपनगर. तिसरा, वीस-पंचवीस किलोमीटरवरचे छोटे गाव, ज्याला स्वतःची बाजारपेठ, शाळा आणि बहुधा रेल्वे स्थानकही आहे आणि जे शहराच्या वाढीबरोबर हळूहळू त्याचे उपनगर होऊ लागले आहे. तिन्ही ठिकाणी मुले चांगली वाढतात. आपल्या कुटुंबाच्या पुढच्या पंधरा वर्षांना यांपैकी कोणते मानवेल, एवढेच ठरवायचे असते.

हे ठरवताना क्षेत्रफळ आणि किंमत या दोन आकड्यांना फार वजन दिले जाते, कारण ते जाहिरातीत छापलेले असतात आणि शेजारी शेजारी ठेवून पाहता येतात. मुले असलेल्या घराने मात्र तुलनेची सुरुवात दुसऱ्या प्रश्नापासून करावी, असे माझे ठाम मत आहे. दहा-अकरा वर्षांचे मूल, कोणी सोडायला किंवा आणायला न जाता, आपल्या दिवसातली किती कामे स्वतःहून करू शकेल? शाळा, मैदान, वाचनालय, मित्राचे घर, कोपऱ्यावरचे दुकान यांपैकी किती ठिकाणी ते एकटे जाऊन परत येऊ शकेल? या एका प्रश्नाच्या उत्तरात रस्त्यांची रचना, शाळेचे अंतर, शेजार आणि पालकांच्या हाती उरणारा वेळ, असे पुष्कळ काही येऊन जाते.

पायी जाण्याजोगा परिसर

अमेरिकन नियोजनकार क्लॅरेन्स पेरी यांनी १९२९ मध्ये मांडलेली ‘शेजार-घटक’ ही कल्पना आजही तुलनेला उपयोगी पडते. वस्तीच्या मध्यभागी प्राथमिक शाळा असावी, बहुतेक घरे तिच्यापासून पाव मैलाच्या, म्हणजे सुमारे ४०० मीटरच्या आत असावीत, मोठे रहदारीचे रस्ते वस्तीच्या कडेने जावेत आणि सुमारे दहा टक्के जागा मोकळी राखलेली असावी, असा तिचा गाभा आहे. जुन्या उपनगरांपैकी अनेक वस्त्या कोणी तसे आखले नसतानाही या वर्णनाच्या जवळ जातात, कारण त्या वसल्या तेव्हा घरोघरी वाहने नव्हती आणि सगळे चालत जाण्याच्या अंतरावर असणे ही गरजच होती. नव्या उपनगरात शाळा, उद्यान आणि बाजार नकाशावर दिसतात, परंतु अनेकदा ते मोठ्या रस्त्याच्या पलीकडे असतात. शिवाय बंद गल्ल्या आणि एकाच प्रवेशद्वाराची संकुले यांमुळे सरळ रेषेत ३०० मीटरवर असलेली शाळा पायी सव्वा किलोमीटरवर जाते. नकाशावरील अंतर पाहून समाधान मानू नये. दारापासून दारापर्यंत चालून पाहावे.

हे चालणे शाळा सुटण्याच्या वेळी करावे आणि सोबत मूल असेल तर अधिक चांगले. घराच्या फाटकापासून निघाल्यावर पदपथ किती अंतरापर्यंत सलग आहे, तो विजेच्या पेटीपाशी किंवा उभ्या वाहनांपाशी तुटतो का, तुटला तर मूल रस्त्यावर किती पावले चालते, हे मोजावे. चौकात थांबून मुलाच्या उंचीवर वाकून पाहावे. मोठ्या माणसाला उभ्या मोटारीच्या टपावरून येणारे वाहन दिसते, परंतु सव्वा मीटर उंचीच्या मुलाला फक्त मोटारीचे दार दिसते. रस्ता ओलांडायला लागणारा वेळ आणि दुभाजकावर थांबायला जागा आहे की नाही, हेही तिथेच कळते.

वेगाचा हिशेब या ठिकाणी निर्णायक ठरतो. ताशी ३० किलोमीटर वेगाने येणारी मोटार, चालकाला भान येण्यास एक सेकंद धरला तरी, कोरड्या रस्त्यावर साधारण १३ ते १४ मीटरमध्ये थांबते. ताशी ५० किलोमीटरने येणारी मोटार तेवढे अंतर त्या पहिल्या सेकंदातच कापते, म्हणजे ब्रेक लागायला सुरुवात होते तेव्हा ती पूर्ण वेगाने मुलापाशी पोहोचलेली असते. नव्या उपनगराचे रुंद, सरळ, गुळगुळीत रस्ते पाहायला आलेल्यांना भुरळ घालतात, परंतु तोच रुंदपणा चालकाला वेग वाढवायला उद्युक्त करतो. जुन्या वस्तीतील अरुंद, वळणाच्या, दुतर्फा झाडे असलेल्या गल्ल्या गैरसोयीच्या वाटल्या तरी वेग आपोआप खाली आणतात. अपवाद एकच, पण मोठा आहे: कोंडी टाळण्यासाठी बाहेरची वाहने ज्या जुन्या गल्लीतून आडवाट काढतात, ती गल्ली मुलांसाठी तिन्ही पर्यायांतील सर्वांत वाईट जागा ठरू शकते.

रहदारीचा परिणाम अपघातांपुरता नसतो. नगररचनाकार डोनाल्ड ॲपलयार्ड यांनी सॅन फ्रान्सिस्कोमधील एकमेकांसारख्या तीन निवासी रस्त्यांचा अभ्यास करून १९७२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. दिवसाला सुमारे २,००० वाहने जाणाऱ्या रस्त्यावरील रहिवाशांना त्याच रस्त्यावर सरासरी तीन मित्र होते. सुमारे १६,००० वाहने जाणाऱ्या रस्त्यावर ही सरासरी एकापेक्षाही कमी होती. मुलांना शेजार हवा असेल, तर घराच्या आतील खोल्यांइतकीच समोरच्या रस्त्याची चौकशी करणे भाग आहे.

प्रवासात जाणारा वेळ

मध्यम शहरात अंतरे लहान वाटतात आणि त्यामुळेच फसगत होते. दहा किलोमीटर म्हणजे पंधरा-वीस मिनिटे, असा हिशेब रविवारी दुपारी घर पाहायला गेलेले कुटुंब करते. सोमवारी सकाळी पुलाच्या किंवा रेल्वे फाटकाच्या एकाच अडथळ्यापाशी तो कोलमडतो. महानगरात पर्यायी मार्ग पुष्कळ असतात, मध्यम शहराच्या कडेला बहुधा एकच असतो. एका फेरीला २० मिनिटे लागणारे घर आणि ४५ मिनिटे लागणारे घर यांत रोज ५० मिनिटांचा फरक पडतो. वर्षाला कामाचे २२० दिवस धरले तर हे सुमारे १८३ तास होतात, म्हणजे आठ तासांचे जवळजवळ २३ दिवस. आई आणि वडील दोघेही नोकरी करत असतील तर ही संख्या दुप्पट होते आणि तो सगळा वेळ मुले जागी असतानाचा असतो.

मोठ्या घरामुळे हा त्रास भरून निघतो, असे मानण्याकडे सर्वांचा कल असतो. ब्रुनो फ्राय आणि अलोइस स्टुट्झर या अर्थशास्त्रज्ञांनी जर्मनीतील दीर्घकालीन पाहण्यांच्या आधारे २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात याच्या उलट आढळले: लांबून प्रवास करणारे लोक आयुष्याबाबत कमी समाधानी होते, चांगल्या घराने किंवा अधिक पगाराने ती उणीव भरून निघाली नव्हती. घराच्या मोठेपणाची माणसाला सवय होते, रोजच्या कोंडीची होत नाही, असा मी त्याचा अर्थ लावतो.

तिसरा पर्याय इथे अनपेक्षितपणे पुढे येऊ शकतो. पंचवीस किलोमीटरवरच्या गावातून नियमित रेल्वे असेल आणि दोन्ही टोकांना स्थानक चालण्याच्या अंतरावर असेल, तर तो प्रवास दहा किलोमीटरच्या मोटारप्रवासापेक्षा कमी थकवणारा आणि अधिक भरवशाचा असतो. मात्र गाड्यांची संख्या पाहावी. तासाला एकच गाडी असेल तर एक चुकल्यावर संध्याकाळ गेली. शेवटची गाडी किंवा बस किती वाजता सुटते, ही माहिती आज गौण वाटते. मूल पंधरा वर्षांचे झाले की त्याचे शहरातील वर्ग, खेळ आणि मित्र त्याच वेळेने बांधले जातात.

शाळा आणि एकाच वयाची लाट

नव्या उपनगराबाबत फार कमी बोलली जाणारी गोष्ट म्हणजे तेथील लोकसंख्येची रचना. पाच-सहा वर्षांच्या आत साधारण एकाच वयाची कुटुंबे राहायला येतात, त्यामुळे त्यांची मुलेही एकाच वयाची असतात. हे पहिल्या काही वर्षांत आनंदाचे असते, कारण खेळायला सवंगडी मुबलक मिळतात. त्यानंतर बालवाडी भरून वाहते, मग प्राथमिक शाळा, आणि दहा-बारा वर्षांनी माध्यमिक शाळेचा प्रश्न उभा राहतो, जी तोपर्यंत बांधलेलीच नसते. म्हणून माध्यमिक शाळेसाठी कोणती जागा राखीव आहे, ती कोण बांधणार आहे आणि तिच्यासाठी निधी मंजूर झाला आहे का, हे लेखी विचारावे. ‘प्रस्तावित’ या शब्दाच्या आधारावर पंधरा वर्षांचे कर्ज काढू नये.

जुन्या उपनगरात सर्व वयाची माणसे असतात. दिवसा घरी असणारे ज्येष्ठ नागरिक, दुकानदार, गॅलरीत बसलेले कोणी ना कोणी, अशी ओळखीची नजर रस्त्यावर असते आणि एकट्या फिरणाऱ्या मुलाला तिचा मोठा आधार असतो. शाळेचा नावलौकिक बहुधा ठरलेला असतो, पण प्रवेश मिळणे अवघड जाऊ शकते. गावातील शाळेत वर्ग लहान आणि शिक्षक ओळखीचे असण्याची शक्यता अधिक. तथापि बारा-तेरा वर्षांनंतर विषयांची निवड, प्रयोगशाळा आणि विशेष गरजा असलेल्या मुलांसाठी साहाय्य यांत गाव तोकडे पडू शकते. आपल्या मुलाला नियमित उपचार किंवा विशेष शिक्षक लागत असेल, तर हा एकच मुद्दा बाकी सगळ्यांवर मात करतो आणि शहराजवळ राहणे योग्य ठरते.

घर, जमीन आणि हवा

घर म्हणून पाहिले तर नवे उपनगर सरळ सरस आहे: अधिक खोल्या, नवी वीजवाहिनी, वाहन ठेवायला जागा, बांधकामाचे नवे नियम. जुन्या घरात नळांच्या वाहिन्या, गळती, ओल आणि विजेचे काम यांचा खर्च किमतीत मिळवूनच तुलना करावी. शिसेयुक्त रंगाकडे विशेष लक्ष द्यावे. अमेरिकेने घरांसाठी तो १९७८ मध्ये बंद केला, अनेक देशांत तो त्यानंतरही वापरात राहिला, आणि जुन्या रंगाचे पोपडे व धूळ लहान मुलांच्या पोटात जाणे घातक असते. दुसऱ्या बाजूला, कडेच्या घरामुळे दुसरे वाहन घ्यावे लागत असेल तर त्याचा हप्ता, इंधन आणि विमा घराच्या हप्त्यात मिळवावा. बहुतेक वेळा स्वस्ताईचा मोठा भाग तिथेच संपतो.

नव्या वसाहती पुष्कळदा सखल किंवा पूर्वी पाणथळ असलेल्या जमिनीवर उभ्या राहतात, कारण जुन्या शहराने उंचवटे आधीच व्यापलेले असतात. जुने नकाशे पाहावेत आणि घर एकदा तरी मोठ्या पावसात पाहावे. झाडांबाबत जुने उपनगर सहज जिंकते. आज लावलेल्या रोपाची सावली मिळायला पंधरा-वीस वर्षे जातात, म्हणजे मुलांचे बालपण संपते. घरातून तीन झाडे दिसावीत, परिसराचा तीस टक्के भाग झाडांच्या छत्राखाली असावा आणि तीनशे मीटरच्या आत हिरवी जागा असावी, हा शहरी वनांचे अभ्यासक सेसिल कोनाइनेन्डाइक यांनी २०२१ मध्ये सुचवलेला निकष पडताळायला सोपा आहे. आवाजाचे म्हणाल तर जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये रस्त्यावरील रहदारीसाठी रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल सुचवली आहे. महामार्गालगतच्या खोलीत ती पाळली जाणे कठीण, मग उपनगर कोणतेही असो.

नवे उपनगर केव्हा निवडावे

वरील विवेचनावरून नवी वसाहत म्हणजे वाईट, असा अर्थ कोणी काढू नये. जर्मनीतील फ्रायबुर्ग या मध्यम शहराने रीझेलफेल्ड ही वसाहत वसवली तेव्हा पहिले रहिवासी आल्यानंतर लवकरच, १९९७ मध्ये, तिथपर्यंत ट्राम नेली. त्याच शहरातील फोबान येथे मोटारींसाठी कडेला सामाईक वाहनतळ ठेवल्याने घरांसमोरचे रस्ते मुलांना मोकळे राहिले. नेदरलँड्समध्ये उट्रेख्टजवळचे हाउटन तर पुढे गेले: सायकल आणि पायवाटा थेट मध्यभागी जातात, मोटारीने एका भागातून दुसऱ्या भागात जायचे तर बाहेरच्या वर्तुळाकार रस्त्याने फिरून जावे लागते. या तिन्ही ठिकाणी सार्वजनिक वाहतूक आणि पायवाटा यांचा विचार घरांच्या बरोबरीने झाला. नव्या उपनगराची परीक्षा याच क्रमाने घ्यावी: बस आज धावते का, शाळा आज भरते का, दवाखाना आज उघडा आहे का. तिन्हींना होकार असेल तर मी नवे उपनगर जुन्याच्या बरोबरीने, आणि मोठ्या कुटुंबासाठी काकणभर वर ठेवीन.

एरवी, आई-वडील दोघेही शहरात कामाला असतील आणि मुले शाळेच्या वयाची किंवा त्याहून लहान असतील, तर एक खोली कमी पत्करून जवळचे जुने उपनगर घ्यावे, आडवाटेची गल्ली तेवढी टाळावी. दोघांपैकी एकाचे काम घरूनच होत असेल किंवा आजी-आजोबा सोबत राहणार असतील आणि गावात बरे रुग्णालय असेल, तर रेल्वेच्या गावाचा गांभीर्याने विचार करावा. शहरातील कार्यालय रोज गाठायचे नसल्यास अंतराचा काच बराच सैल होतो. दोन पर्यायांत मन अडकलेच, तर खरेदीपूर्वी ज्याच्याबद्दल अधिक शंका आहे त्या ठिकाणी वर्षभर भाड्याने राहावे, आणि त्या वर्षात पावसाळा व शाळेचे पूर्ण सत्र दोन्ही येतील असे पाहावे. मूल नवव्या-दहाव्या वर्षाच्या आत असताना असा बदल सोपा जातो. त्यानंतर मैत्री घट्ट होते आणि शाळा बदलणे जड जाते, म्हणून ही चाचणी लवकर घेतलेली बरी.