प्लेसमेंट टेस्ट, जुनी मार्कशीट की स्वतःची निवड?

आमच्या कॉम्प्लेक्समध्ये नुकत्याच राहायला आलेल्या एका ताईंनी परवा लाँड्रीच्या खोलीत विचारलं, "कम्युनिटी कॉलेजात नाव घातलंय. गणित-इंग्रजीचा कुठला वर्ग द्यायचा हे ते टेस्ट घेऊन ठरवतात की मार्कशीट बघून?" तिशी ओलांडल्यावर अमेरिकेत पुन्हा शिकायला निघालेल्यांपैकी बऱ्याच जणांचं इथेच अडतं. कम्युनिटी कॉलेज म्हणजे मुख्यतः दोन वर्षांच्या डिग्रीचं स्थानिक कॉलेज; तिथे प्रवेश कोणालाही मिळतो. गाळणी असते ती आत, पहिल्या वर्गाच्या दाराशी.

आधी टेस्टचं बघू. कॉलेज बोर्डाची ॲक्युप्लेसर अजून अनेक राज्यांत चालते, टेक्सासची स्वतःची टीएसआयए आहे. ॲक्युप्लेसरला वेळेचं बंधन नाही, नापास कोणी होत नाही, गुण २०० ते ३०० मध्ये मिळतात. ऐकायला सोपं वाटतं आणि तिथेच आपली माणसं गाफील राहतात. पुढचा प्रश्न आधीच्या उत्तरावर ठरत असल्यामुळे एकदा उत्तर दिलं की मागे जाता येत नाही. "अवघड ते सोडा, सोपी आधी उरका, शेवटी परत या" हा आपल्या दहावी-बारावीच्या परीक्षेचा मंत्र इथे कुचकामी. गणिताच्या एका भागात प्रश्न जेमतेम वीस, म्हणजे दोन-चार चुकांनीही फरक पडतो.

मी २०१४ साली अशीच एक टेस्ट दिली होती. बारावी कॉमर्सला गणित घेतलेलं, त्यामुळे निर्धास्त होते. पहिला झटका नाण्यांच्या गणिताचा. इतके निकेल, तितके डाइम, एकूण रक्कम किती? निकेल म्हणजे पाच सेंट आणि डाइम म्हणजे दहा, हे जेमतेम पंधरा दिवसांपूर्वी या देशात उतरलेल्या मला कोण सांगणार होतं? पुढे रेषेचं समीकरण आलं. आपण शाळेत वाय बरोबर एमएक्स अधिक सी शिकलो, इथे सी च्या जागी बी. तेवढ्यानेही त्या दिवशी मी दचकले. निकाल म्हणून प्राथमिक बीजगणिताचा वर्ग हाती आला. म्हणजे डिग्रीला उपयोगी पडेल अशा संख्याशास्त्रापर्यंत पोचायला आधी दोन सत्रं, आणि त्यांचे क्रेडिट डिग्रीत धरत नाहीत. फी आणि बेबीसिटरचे पैसे मात्र पूर्ण.

असं माझ्या एकटीचंच झालं नव्हतं. कोलंबिया विद्यापीठातल्या कम्युनिटी कॉलेज संशोधन केंद्राने २०१२ मध्ये मांडलं होतं, की अशा परीक्षांमुळे गणितात साधारण चारातला एक आणि इंग्रजीत तिघांतला एक विद्यार्थी ठळकपणे चुकीच्या वर्गात जातो. हायस्कूलच्या चार वर्षांच्या गुणांची सरासरी जास्त भरवशाची, हेही त्यातून पुढे आलं.

अलेक्स ही गणिताची टेस्ट त्यातल्या त्यात बरी. जास्तीत जास्त तीस प्रश्न, आणि जिथे कच्चे निघालो त्याचा सराव करून पुन्हा देण्याची सोय. टेस्ट देणं भागच असेल आणि कॉलेज अलेक्स घेत असेल, तर पहिला निकाल शेवटचा मानू नका.

आता मार्कशीट. कॅलिफोर्नियात एबी ७०५ हा कायदा २०१७ मध्ये झाला आणि २०१९ च्या शरद सत्रापासून चित्र पालटलं; २०२२ च्या एबी १७०५ ने तो आणखी आवळला. आता तिथे हायस्कूलचा जीपीए, म्हणजे चारपैकी मोजलेली गुणांची सरासरी, बघतात. राज्याच्या मूळ नियमात २.६ किंवा वर असला की कॉलेजचं इंग्रजी थेट, आणि संख्याशास्त्रासाठी ३.०. त्याखाली असलात तरी खालच्या वर्गात ढकलत नाहीत, सोबत मदतीचा वर्ग जोडतात.

पण आपल्या मार्कशीटवर जीपीए कुठे असतो? महाराष्ट्र बोर्डाचे ६२ टक्के म्हणजे प्रथम श्रेणी. इथल्या डोळ्यांना ६२ म्हणजे डी, जेमतेम पास. फॉर्ममध्ये नुसते टक्के लिहिलेत तर नुकसान तुमचंच. श्रेणी शब्दांत लिहा, जमलं तर मार्कशीटचं अमेरिकन पद्धतीने मूल्यांकन करून घ्या, आणि कॉलेजच्या काउन्सेलरला बोर्डाच्या श्रेणींचा तक्ताच दाखवा. संकोच करू नका, तिचं ते रोजचं काम आहे.

हायस्कूलची कागदपत्रं मिळणं अवघड असेल, तर कॅलिफोर्नियात तिसरी वाट आहे: मार्गदर्शनासह स्वतःच वर्ग निवडायचा. प्रश्नावली भरायची, तिच्यात गणितं नसतात. आधी काय शिकलात, आत्मविश्वास किती, असं विचारतात. मला ही पद्धत पटते, पण आपल्या लोकांची काळजी वाटते. "आत्मविश्वास किती?" यावर मराठी माणूस "बऱ्यापैकी" वर खूण करतो, कारण "उत्तम" म्हणणं त्याला बढाई वाटते. वर "आधी पाया पक्का करू" हे आपलं लाडकं वाक्य. इथे पाया पक्का करण्यात दोन सत्रं जातात, आणि पुढे जायच्या आतच नोकरी, बाळंतपण किंवा व्हिसा काहीतरी आडवं येतं.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. खालचा वर्ग आणि वरचा वर्ग अधिक मदतीचा तास, यांत निवडायचं असेल तर दुसरं घ्या. याला इथे कोरिक्विझिट म्हणतात. टेनेसीने २०१५ मध्ये राज्यभर लागू केलं. त्याच सत्रात मूळ विषय आणि त्याची शिकवणी, दोन्ही. आठवड्याला तास वाढतात, लहान मूल असेल तर ते जड जातं, हे खरं.

इंग्रजीत मात्र मी इतकी ठाम नाही. मराठी माध्यमातून आलात, बोलायला अडत नाही, पण सहा पानी निबंध कधी लिहिलेला नाही, तर ईएसएलचे, म्हणजे इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांसाठीचे, शैक्षणिक लेखनाचे वर्ग वाया जात नाहीत. कमीपणा तर अजिबात नाही. घरी मेल, अर्ज, तक्रारपत्र इंग्रजीत आपणच लिहीत असाल, तर थेट निबंधलेखनाचा वर्ग घ्या.

त्या ताई शिवाजी विद्यापीठाच्या बीकॉम, दहा वर्षं अकाउंट्समध्ये. त्यांना मी संख्याशास्त्र आणि सोबतचा मदतीचा तास सुचवला. कॅल्क्युलस लागणारी शाखा असती तर आधी महिनाभर त्रिकोणमिती उजळायला सांगितलं असतं. त्यासाठी कॅलिफोर्नियात विनाक्रेडिट वर्ग असतात, त्यांना फी पडत नाही. निघताना त्यांना ड्रॉप डेट तेवढी विचारून घ्यायला सांगितली. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत वर्ग जमला नाही तर त्या तारखेच्या आत बदलता येतो, ट्रान्सक्रिप्टवर, म्हणजे कॉलेजच्या गुणपत्रकावर, खूणही उमटत नाही. त्यांनी ती तारीख ड्रायरवर ठेवलेल्या पावतीच्या मागे लिहून घेतली.