मँचेस्टरची करी माइल की लेस्टरचा बेलग्रेव्ह रोड?

ब्रिटनमध्ये शिकायला निघालेल्या मुलांना मी खाण्यासाठी हे दोन रस्ते आवर्जून सांगते. माझा स्वतःचा जीव बेलग्रेव्ह रोडवर आहे.

करी माइल म्हणजे रशोममधला विल्मस्लो रोड, मँचेस्टर विद्यापीठातून चालत गाठता येणारा. लायब्ररीतून रात्री उशिरा निघालात तरी तिथे खायला मिळतं. नावात करी असली तरी आता कबाब, शवर्मा आणि अफगाणी पुलावही भरपूर. भट्टीतला हातभर लांब नान कागदात गुंडाळून हातात देतात. जानेवारीच्या थंडीत तो धरला की गारठलेल्या बोटांत जीव येतो. मांसाहारी असाल तर चंगळच.

बेलग्रेव्ह रोडची गोष्ट निराळी. १९७२ मध्ये हुकूमशहा इदी अमीनने युगांडातून हाकललेली कितीतरी गुजराती कुटुंबं लेस्टरला आली आणि त्यांच्या हातची चव या रस्त्याला लागली. शाकाहारी मुलांना इथे मेन्यू चाळत बसावं लागत नाही. ढोकळा, कचोरी, भेळ, साग्रसंगीत थाळी! काचेच्या कपाटात फरसाणाच्या राशी. थोडी शेव बांधून घ्या, खोलीवर कांदा-टोमॅटो चिरून घाला, दोन-तीन संध्याकाळची सोय झाली. अडचण एकच: विद्यापीठ शहराच्या दक्षिणेला, हा रस्ता उत्तरेला. म्हणून शनिवार ठेवा. आणि दिवाळीत, सगळा रस्ता दिव्यांनी उजळतो तेव्हा, अभ्यास बाजूला ठेवून जाच.