दहा महिने वापरलेला १,३९९चा राउटर: वीज गेली की डब्ल्यूपीएस परत चालू

रेंजबद्दल तक्रार नाही. हॉलमधून मागच्या खोलीपर्यंत दोन भिंती ओलांडून सिग्नल नीट येतो, दहा महिन्यांत एकदाही हँग झालेला नाही. जूनपर्यंत मी हा राउटर चार जणांना घ्यायला सांगितला होता.

मी घरूनच जीएसटीचं काम करते. २० जुलैला, म्हणजे ३बी विवरणपत्र भरायच्या शेवटच्या दिवशी, नेट रांगायला लागलं म्हणून राउटरचं पान उघडलं. जोडलेल्या उपकरणांच्या यादीत सहा नावं. घरात पाचच. सहावा कुणाचा तरी मोबाइल. माझ्या लॅपटॉपवर तीस-पस्तीस दुकानदारांचे पॅन, खाते क्रमांक, लॉगिन आहेत. अंगावर काटाच आला. लगेच पासवर्ड बदलला, चांगला अठरा अक्षरी. तिसऱ्या दिवशी तो मोबाइल यादीत हजर.

मग डब्ल्यूपीएसबद्दल वाचत बसले. म्हणजे पासवर्ड न टाकता, बटण दाबून किंवा पिन देऊन उपकरण वाय-फायला जोडायची सोय. त्याचा पिन आठ आकडी. आठवा आकडा आधीच्या सातांवरून निघतो, आणि पहिले चार बरोबर आहेत की नाही हे राउटर वेगळं सांगून टाकतो. त्यामुळे एक कोटी नाही, १०,००० अधिक १,००० एवढेच प्रयत्न पुरतात. सुरक्षा संशोधक श्टेफान फीबॉक यांनी हे डिसेंबर २०११मध्येच जाहीर केलं होतं. २०१४मध्ये तर काही राउटरांचा पिन मिनिटांत निघतो हेही दाखवलं गेलं, कारण ते राउटर गुप्ततेसाठी जे यादृच्छिक आकडे काढतात ते सहज ओळखता येण्यासारखे कच्चे होते. आणि पिन एकदा हाती लागला की राउटर स्वतःच पासवर्ड देतो. मी शंभरदा बदलला तरी नवा देतो! शिवाय तो पिन राउटरच्या पोटाला स्टिकरवर छापलेला. केबलवाला, इलेक्ट्रिशियन, कुणीही वाचावा.

डब्ल्यूपीएस बंद केलं, मोबाइल गायब. पंधरा दिवसांनी पावसात वीज गेली, आली, आणि मोबाइल परत. सेटिंग उघडली तर टिक चालू. मुद्दाम पाच वेळा प्लग काढून पाहिला, पाचही वेळा तेच. नाव, पासवर्ड, बाकी सगळं लक्षात राहतं, नेमकी ही एक टिक विसरतो.

सर्व्हिस सेंटर कोल्हापूरला. इचलकरंजीहून एसटीने दोन फेऱ्या, दोन दिवस कामाचे गेले. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "मॅडम, हार्डवेअर ओके आहे. नेट चालतंय ना?" हेल्पलाइनने रिसेट करायला सांगितलं. रिसेट केल्यावर तर डब्ल्यूपीएस चालूच होऊन येतं! तेव्हा मी एक तारा देऊन मोकळी झाले होते.

आता तो बदलतेय. नोव्हेंबरमध्ये नवं फर्मवेअर, म्हणजे राउटरच्या आतलं सॉफ्टवेअर, आलं. ते आपोआप येत नाही. स्टिकरवरचं हार्डवेअर व्हर्जन बघून साइटवरून फाइल उतरवायची आणि स्वतः चढवायची. टिक विसरायचा दोष तसाच आहे, पण डब्ल्यूपीए-३ ही वाय-फायची नवी सुरक्षा पद्धत मिळाली, आणि फक्त डब्ल्यूपीए-३ ठेवलं की डब्ल्यूपीएस चालतच नाही. तेव्हापासून वीज बऱ्याचदा गेली, यादीत आमचीच नावं.

पण २०१६चा प्रिंटर वाय-फायवरून तुटला, तो आता यूएसबी केबलने जोडलाय. सासूबाईंचा जुना फोनही जोडला जात नाही. जुनं-नवं दोन्ही चालेल असा मोड आहे, पण त्यात डब्ल्यूपीएसची वाट उघडीच राहते, म्हणून तो लावला नाही. त्यांचं कीर्तन आता मोबाइल डेटावर चालतं, आणि तो दर महिन्याचा रिचार्ज मी या राउटरच्याच किमतीत धरते. तीन तारे. त्यातले दोन रेंजचे.

तुमच्याकडे स्वस्तातला राउटर असेल तर आज डब्ल्यूपीएस बंद करा, सेव्ह करा, प्लग काढा, दोन मिनिटांनी लावा आणि वायरलेसच्या पानावर ती टिक पुन्हा बघा.