टाकीचा अलार्म की ऑटोमॅटिक कंट्रोलर? पावसाळा ते उन्हाळा वापरून झाल्यावर

आम्ही नाशिकला सिडकोत रो-हाउसमध्ये राहतो. नळाचं पाणी खाली हौदात पडतं आणि तिथून अर्ध्या एचपीच्या मोटारीने गच्चीवरच्या टाकीत चढवावं लागतं. सकाळी डबे, शाळेची व्हॅन, यांची अंबडची फर्स्ट शिफ्ट. मोटार बंद कोण करणार, यावरून रोज वाद. टाकीचं पाणी शेजारच्या काकूंच्या पापडांवर सांडलं, तेव्हा मेन रोडवरून अलार्म आणला.

अलार्म दोन-तीनशे रुपयांत येतो. टाकीच्या तोंडाशी दोन वायरी सोडायच्या. पाणी दोन्ही टोकांना टेकलं की त्यातूनच बारीक करंट जातो आणि खाली एक बाई हिंदीतून ओरडायला लागते. ऐकतात सगळे, उठत कुणीच नाही. दोघंही कामावर जाणाऱ्या घरात तर ती भिंतींनाच सांगत बसते.

म्हणून शेवटी कंट्रोलर बसवला. वरची टाकी उतरली की मोटार चालू, भरली की बंद. पण माझ्या मते पैसे वसूल होतात ते हौदातल्या सेन्सरमुळे. हौद रिकामा असेल तर तो मोटार सुरूच होऊ देत नाही. कोरडी फिरली की मोटारीचं सील जळतं, आणि उन्हाळ्यात नळाला पाणी कमी आलं की नेमकं हेच होतं.

आता तक्रार. उन्हाळ्यात आम्ही बोअरचं पाणी मिसळतो. एप्रिलमध्ये टाकी वाहायला लागली म्हणून झाकण उघडलं, तर सेन्सरच्या स्टीलच्या सळयांवर पांढरा खरखरीत थर. नखाने खरवडला की पापुद्रे निघत होते. क्षारांच्या थरातून करंट जाईना, म्हणून टाकी भरूनही कंट्रोलरच्या लेखी ती रिकामीच! व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवल्यावर सळया स्वच्छ झाल्या, पण हे अधूनमधून करावं लागतं. बोअर असेल तर सरळ चुंबकाच्या फ्लोटचा सेन्सर घ्या, त्यात पाण्यातून करंट जायचा प्रश्नच नाही.

सोबत माणसाची हालचाल दिसली की आपोआप लागणारा सेन्सरचा बल्बही घेतला होता. जिन्यात झकास. बाथरूममध्ये मात्र माणूस जरा स्थिर बसला की अंधार, मग हात हलवत बसा.

मोबाइल अॅपवाला कंट्रोलर दुकानदार गळ्यात मारत होता, मी नाही घेतला. त्यापेक्षा इलेक्ट्रिशियनला ऑटो-मॅन्युअल स्विच लावायला सांगा, म्हणजे सेन्सर बिघडला तरी मोटार हाताने चालवता येते.